पत्रिकेतलं माझं नाव

तुमचा चहा येतोय, तुम्हीपण बसा. तोवर एक फजिती सांगतो. अट एकच, मध्ये हसायचं नाही. हसायचंच असेल तर शेवटी सगळे मिळून हसा. गावाचं हसून झालंय, पाहुण्यांचं हसून झालंय, तुमचंच काय ते राहिलंय.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे फजितीची खोली कळेल. मी वसंत. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. राहायला धसईच्या पलीकडच्या गावात. आणि गावात मला 'सावधानकाका' म्हणतात. कारण रोज सकाळी गावाच्या ग्रुपवर पहिला मेसेज माझा असतो. 'सावधान! अनोळखी लिंक उघडू नका.' 'सावधान! पैशाचा अ‍ॅप खोटा असू शकतो.' लोक गुड मॉर्निंग पाठवतात, फुलं पाठवतात. मी सावधान पाठवतो.

माझी काळजी काही उगाच नव्हती. कंपनीत एकाच्या मोबाईलवर कसला तरी अ‍ॅप आला आणि पगाराच्या दिवशीच त्याचं खातं धुऊन नेलं. तेव्हापासून मी इतका धसका घेतला की पिन टाकताना मोबाईलवर रुमाल धरायचो. एकटा असलो तरी! बायको म्हणायची, अहो, भिंतीला काय डोळे आहेत? मी म्हणायचो, काय सांगावं.

तर असा हा सावध माणूस. आता ऐका.

आमच्या स्नेहलचं बघणं चाललं होतं. पोरगी कल्याणला एका दवाखान्यात नर्स आहे. स्थळं येत होती, जात होती. कुणाला नोकरी सोडणारी हवी, कुणाला रात्रपाळी चालत नाही. तिने एकेकाला निकालात काढलं होतं. मग माझ्या आक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने, वैशाखरे गावचं स्थळ आणलं. आक्का दिलीय शहापूर तालुक्यात, किन्हवलीला. मुलाचं नाव मयूर. वडील निवृत्त शिक्षक, सगळे गुरुजी म्हणतात. शिस्तीचा माणूस. बोलताना पूर्णविरामसुद्धा ऐकू येतो.

बघण्याच्या दिवशी दोघं मागच्या अंगणात बोलली. स्नेहलने विचारलं होतं, माझी रात्रपाळी असेल तेव्हा जेवणाचं काय? मुलगा म्हणाला, माझा डबा आताही मीच करतो, तेव्हा दोन करीन. हे तिने तिच्या आईला सांगितलं, आईने मला सांगितलं. सांगताना आईचा चेहरा असा होता की मला कळलं, पोरीचं मन बसलंय.

जाताना गुरुजी म्हणाले, "रविवारी संध्याकाळपर्यंत निरोप देतो."

आता तुम्हीच सांगा, असा निरोप अडकलेला असताना माणसाला झोप लागेल का? मी आठवडाभर स्टोअरमध्ये नट मागितला तर बोल्ट देत होतो.

आणि तो रविवार उजाडला. सकाळी मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो आणि मोबाईल वाजला. शहापूरच्या अनंताचा मेसेज. अनंता माझा चुलतभाऊ. त्याच्या मुलाचं लग्न यंदा करायचं असं कानावर होतंच. मेसेजमध्ये एक फाईल आणि वर लिहिलेलं, 'मंगल परिणय पत्रिका. नक्की बघा.'

इथे तुम्हाला आमच्याकडच्या पत्रिकेबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या भागात पत्रिका कुणी लग्नाची तारीख बघायला उघडत नाही. तारीख आधीच माहीत असते. आमच्यात मुहूर्तही बघत नाहीत, रविवार आणि रिकामा हॉल हाच मुहूर्त. पत्रिका उघडतात ती नावं बघायला! निमंत्रक कोण, आपले नम्र कोण, व्यवस्थापक कोण. खाली बारीक अक्षरांत अख्खी भावकी. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावरून माणसं चार चार वर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत.

आणि माझं दुखणं जुनं होतं. याच अनंताच्या पोरीच्या लग्नात माझं नाव व्यवस्थापकांत टाकलेलं, आणि तेही त्याच्या मेव्हण्याच्या खाली. मी भावकीतला, पोरीचा चुलता, आणि वर तो मेव्हणा, ज्याने मंडपात एक खुर्ची उचलली नाही. मी काही बोललो नाही. लग्नाला गेलो, जेवलो, आहेर केला. पण ती पत्रिका मी अजून कपाटात ठेवलीय, यावरून समजा.

तर मी फाईल दाबली.

मोबाईल म्हणाला, ही फाईल धोकादायक असू शकते. मी म्हटलं, अरे, हा अनंता आहे, अनोळखी नंबर नाही. सावधान अनोळखी नंबरापासून राहायचं, असं मीच रोज लिहीत होतो ना? दाबलं. मग मोबाईलने विचारलं, तुमच्या यादीतले सगळे नंबर वाचू देऊ का? मला वाटलं, बरोबर आहे, कुणाकुणाला आमंत्रण आहे ते बघत असेल. दाबलं. मग म्हणाला, तुमचे मेसेज वाचू देऊ का? मी म्हटलं, वाच बाबा, जाहिरातींशिवाय आहे काय त्यात. तेही दाबलं.

कंपनीत मी एक बेअरिंग द्यायचं तर तीन सह्या घेतो. आणि इथे नुसतं नाव बघायला मिळेल म्हणून घराच्या चाव्या काढून देत होतो.

पडद्यावर एक गुलाबाचं चित्र आलं, गोल गोल फिरलं आणि गायब झालं. पत्रिका नाही, नावं नाहीत, काही नाही. नेटवर्क नसेल, असं म्हणून मी मोबाईल घरात चार्जिंगला लावला. जरा गरम लागला हाताला. पिशवी घेतली आणि मोटारसायकलवर धसईला भाजी आणायला गेलो.

फजिती खरी इथे सुरू होते.

बाजारात शिरलो तोच वांगी विकणारी ओळखीची बाई म्हणाली, "काका, लेकीच्या लग्नाला आमाला इसरू नका हां."

मी थांबलोच. लेकीच्या लग्नाला? पुढे गेलो तर सायकल दुकानवाला लांबूनच हात जोडून म्हणाला, चला, जमलं एकदाचं. मग गिरणीवाला. मग आमच्या गावचा एसटीची वाट बघत उभा असलेला एक म्हातारा. सगळ्यांच्या तोंडी एकच, स्नेहलचं जमलं.

माझ्या छातीत धडधडायला लागलं, पण आनंदाने! म्हटलं, गुरुजींनी होकार दिला आणि तो आपल्या आधी बाजारात पोचला. शिकवलेल्या पोरांचं जाळं सगळ्या तालुक्यात, बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो?

तेवढ्यात औषधाच्या दुकानातला म्हणाला, "काका, पत्रिका आली बरं का."

"मला पण आली," मी म्हटलं.

"उघडत नाय पण."

"माझी पण नाही उघडली."

"नेटवर्क असंल."

"तेच असणार."

म्हणजे बघा, आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून, एकमेकांना पूर्ण सहमती देऊन, दोन वेगवेगळ्या लग्नांबद्दल बोलत होतो. तो माझ्या पोरीच्या पत्रिकेबद्दल, मी अनंताच्या पोराच्या.

मग मी काय केलं असेल? शहाणा माणूस घरी गेला असता, गुरुजींना फोन केला असता. मी मिठाईच्या दुकानात गेलो. पेढे घेतले. आणि वाटले! वांगीवालीला, सायकलवाल्याला, गिरणीवाल्याला. एसटीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याला दोन दिले. एसटी लागली होती तर कंडक्टरलाही दिला, म्हटलं, मुरबाडपर्यंत गोड बातमी जाऊ दे. उरलेला खोका घेऊन घरी आलो, भाजी विसरून.

घरी बायको, सुनंदा, भाकऱ्या थापत होती. म्हणाली, तुमचा मोबाईल मघापासून नुसता ओरडतोय. मी पेढा पुढे केला. तिने विचारलं, गुरुजींचा निरोप आला का? मी म्हटलं, अगं, अख्ख्या बाजाराला माहीत आहे. ती म्हणाली, बाजाराला माहीत असेल, पण गुरुजींचा फोन कुठे आहे? बायकोचा हा प्रश्न तेव्हाच मनावर घ्यायला हवा होता. मी घेतला नाही. तिने पेढा खाल्ला नाही, परत खोक्यात ठेवला आणि हात धुतले.

मी मोबाईल हातात घेतला. किती जणांचे फोन येऊन गेले होते! आमचे सुपरवायझर, रजेचा अर्ज वेळेत टाका म्हणून. मुरबाडचा डीजेवाला, हळदीची तारीख लवकर सांगा, मी दुसरं काम घेत नाय. गॅसवाला. गुरांचे डॉक्टर. ज्याला मी जुनी मोटारसायकल विकली होती, तोसुद्धा. मला गहिवरून आलं. म्हटलं, आपल्यावर लोकांचं किती प्रेम आहे.

तेवढ्यात दारात टमटम थांबली आणि आक्का उतरली. किन्हवलीहून, दोन गाड्या बदलून. चेहरा असा की टमटमवाल्याने सुट्टे पैसेसुद्धा मागितले नाहीत.

ती ओट्यावर बसली. पाणी दिलं, घेतलं नाही. म्हणाली, "वसंता, माझं नाव टाकलंस का नाय रे?"

"कशात?"

"पत्रिकेत. सकाळपासून दाबतेय, दाबतेय, उघडत नाय. स्थळ मी आणलं, आणि मला मोबाईलवर पत्रिका? आत्याला असा मान देतात?"

मी म्हटलं, आक्का, कसली पत्रिका? पत्रिका तर अनंताच्या मुलाची आहे. तिने आपला मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. वर माझं नाव, माझा फोटो, रुमाल बांधलेला. खाली लिहिलेलं, 'मंगल परिणय पत्रिका. नक्की बघा.'

मी हे पाठवलं नव्हतं. पण पाठवणारा मीच दिसत होतो.

आक्काचं अजून संपलं नव्हतं. तिने आवाज खाली आणला, आणि आक्काचा आवाज खाली आला की समजायचं, प्रकरण मोठं आहे.

"वाटेत गुरुजींचा फोन आला मला. म्हणाले, आक्का, तुमच्या भावानं दुसरीकडं जमवलं त्याचं वाईट नाय. पण आमाला ताटकळत ठेवून वर पत्रिका पाठवली, आणि बाजारात पेढे वाटतो. आमी काय त्याचं वाकडं केलं?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. खोका माझ्याच हातात होता.

स्नेहल पाळी करून सकाळी आली होती, आत झोपली होती. आवाजाने उठून बाहेर आली. तिने मोबाईल माझ्या हातातून घेतला. वर-खाली करून बघितला. एवढंच विचारलं, "पप्पा, सकाळी काय उघडलंत?"

मी सांगितलं. अनंताकाकाची पत्रिका.

"ही पत्रिका नाही, पप्पा. हा अ‍ॅप आहे. पत्रिकेचं नाव दिलंय नुसतं. तो तुमच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःला पाठवतोय, आणि बँकेचे मेसेज वाचतोय."

बँकेचे मेसेज! पोरीच्या लग्नासाठी साठवलेलं सगळं त्याच खात्यात होतं. तिने विमानाचं चित्र दाबून मोबाईलचं नेटवर्क बंद केलं, मग सिम काढलं. आपल्या फोनवरून बँकेला फोन लावला, माझ्याकडून खात्याचा नंबर घेतला, माझी जन्मतारीख विचारली. मला जन्मतारीख आठवेना. आईशप्पथ सांगतो, आठवेना! सुनंदाने सांगितली. पलीकडचा माणूस थांबा म्हणाला आणि आम्ही चौघं त्या फोनकडे बघत उभे. आक्काच्या ओठांची नुसती हालचाल चालली होती.

पैसे वाचले. खातं वेळेत बंद झालं. स्नेहलने आक्काचाही मोबाईल घेतला, तोही बंद केला, कारण आक्काने स्वतःचं नाव शोधताना सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या होत्या. आमच्या घराण्यातच आहे ते. मग तिने सायबरवाल्यांकडे तक्रार नोंदवली. सगळं शांतपणे, दवाखान्यात पेशंट आल्यावर करत असेल तसं.

आणि सगळं झाल्यावर ती ओट्याच्या पायरीवर बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ते स्थळ आवडलं होतं, पप्पा."

ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. नर्सिंगची फीसुद्धा भरायची तारीख टळायला आली तेव्हा कुठे बोलली होती. अशा पोरीला एक गोष्ट आवडली, आणि ती मी पेढ्यासारखी बाजारात वाटून टाकली. मला खूप वाईट वाटलं. रडू आलं म्हणा ना.

मी म्हटलं, तू मयूरला फोन कर, समजावून सांग. ती म्हणाली, मी नाही करणार, तुम्ही केलंत, तुम्ही निस्तरा. आणि ते बरोबरच होतं.

मी मोटारसायकल काढली. आक्का म्हणाली, स्थळ मी आणलंय, मी पण येणार. मागे बसली. आणि रिकाम्या हातानं पाहुण्यांच्या घरी जायचं नाय म्हणून तिने ओट्यावरचा पेढ्यांचा खोका उचलला. माझं लक्षच नव्हतं.

वैशाखऱ्यापर्यंतचा तो रस्ता मी कसा कापला, मला विचारू नका. समोर माळशेजचे डोंगर, आणि मी त्यांना मनातल्या मनात भाषण म्हणून दाखवतोय. गुरुजी, गैरसमज झाला. गुरुजी, मी नाही, मोबाईलने केलं. गुरुजी, माफ करा. वाटेत टोकावड्याला एकाने हात दाखवून गाडी थांबवली. वाटलं, पंक्चर झाली की काय. तर म्हणाला, अभिनंदन! मी थँक्यू म्हटलं. काय म्हणणार?

गुरुजी पडवीत खुर्चीवर बसले होते. मी "जय भीम, गुरुजी" म्हटलं. त्यांनीही म्हटलं, पण हळू. बसा म्हणाले नाहीत. आक्का आपणहून बसली.

"गुरुजी, ती पत्रिका खोटी आहे," मी म्हटलं.

"खोटी पत्रिका तुम्ही का पाठवलीत?"

"मी नाही पाठवली. मोबाईलने पाठवली."

"मोबाईल कोणाचा?"

"माझा."

"पेढे कोणी वाटले? तेही मोबाईलनेच का?"

मी मान खाली घातली. आणि मान खाली घातली तेव्हा मला आक्काच्या मांडीवरचा खोका दिसला. गुरुजींनाही त्याच वेळी दिसला.

"हे तेच का?" त्यांनी विचारलं.

आक्का म्हणाली, "उरलेत."

मग मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. लोक म्हणाले जमलं, मला वाटलं तुमचाच होकार आला, म्हणून वाटले. गुरुजी म्हणाले, म्हणजे आम्ही द्यायच्या आधी तुम्ही आमचा होकार वाटून टाकलात? मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, पण मुळात ती फाईल उघडलीत कशाला? रोज सकाळी लोकांना सावधान करता म्हणे तुम्ही? हे त्यांच्यापर्यंतही पोचलं होतं. मग मला तेही सांगावं लागलं. पत्रिकेत माझं नाव आहे का ते बघायला. आणि असेल तर मेव्हण्याच्या वर आहे की खाली.

एका निवृत्त शिक्षकासमोर, पोरीच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर, नातं तुटायची वेळ आलेली असताना हे वाक्य उच्चारणं काय असतं, ते तुम्हाला कळायचं नाही.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला एक समजत नाही. तुमच्या मुलीचं दुसरीकडे जमलं असं मी समजत होतो. मग सकाळपासून लोक माझं अभिनंदन का करतायत? मयूरचं जमलं का, म्हणून शिकवलेली पोरं फोन करतायत. मला वाटलं, माझी टिंगल चालवलीय. याचा मला जास्त राग आला."

मी गोंधळलो. गुरुजींना का? माझ्या यादीत त्यांची शिकवलेली पोरं नव्हती.

तेव्हा आतून भांडी आपटल्याचा आवाज थांबला आणि गुरुजींच्या मंडळी दारात आल्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "तुमी यांना काय विचारताय? सकाळी पत्रिका आली, तशी यांनी पण दाबली. मी बघत व्हते. चष्मा लावून दाबत व्हते."

गुरुजी म्हणाले, "मी फक्त मुलाचं नाव बघत होतो. आपल्या मयूरमध्ये काय कमी होतं, ते कळावं म्हणून."

आक्का ओरडली, "गुरुजी, तुमचा पण गेला!"

आणि मी, अहो मी, आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलो. पडवीत पुढे झेपावून गुरुजींच्या खिशातला मोबाईल काढला आणि विमानाचं चित्र दाबलं. काढताना त्यांच्या सदऱ्याची बटणं तुटली. गुरुजी उभेच राहिले. त्यांच्या खात्यात त्यांची पेन्शन होती. चेहरा पांढरा पडला होता, आणि तो चेहरा मी ओळखला, कारण तासा-दीड तासापूर्वी तोच माझा होता.

त्यांच्या मंडळींच्या साध्या फोनवरून स्नेहलला फोन लावला. मी एवढंच म्हटलं, बेटा, गुरुजींचं पण तेच झालंय. ती म्हणाली, त्यांना द्या. पुढचा वेळ आम्ही गुरुजींचा फक्त "हो" ऐकत होतो. हो. हो, काढलं. हो बेटा, पासबुक हातात आहे. हो, आता बँकेला लावतो. चाळीस वर्षं ज्यांनी पोरांना उभं केलं, ते पडवीत फोन कानाला लावून सरळ उभे होते.

पेन्शन वाचली. गुरुजी खुर्चीत बसले. मंडळींनी पाणी आणलं, पहिला तांब्या मला दिला.

आक्काला राहवेना. म्हणाली, "गुरुजी, ते संध्याकाळचं. काय निरोप देणार व्हतात तुमी?"

"आता विचारून काय उपयोग? वाटलेत ना यांनी." गुरुजींनी खोक्याकडे हात केला. आक्काने झाकण उघडलं. त्यांनी एक पेढा घेतला, तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. मग म्हणाले, "होकारच होता. आठवडाभर वाक्य तयार करत होतो. निदान एकदा तरी मला ते स्वतः म्हणायचं होतं."

मी म्हटलं, गुरुजी, अजून म्हणा. आणि ते खरंच उठून उभे राहिले. बटणं तुटलेला सदरा नीट केला आणि म्हणाले, "तुमची मुलगी आम्हाला पसंत आहे." पूर्णविरामासकट.

परतताना मी गाडी कशी चालवली तेही विचारू नका. घरी स्नेहल अजून पायरीवरच बसली होती. तिने फक्त विचारलं, "पेढा घेतला त्यांनी?"

मी म्हटलं, "दोन." एक जास्त सांगितला. ती उठून आत गेली, आणि आत गेल्यावर आईच्या गळ्यात पडून रडलेली मला ऐकू आली. सुनंदाने तेव्हा कुठे आपला पेढा खाल्ला.

संध्याकाळी स्नेहलच्या मोबाईलवर अनंताचा फोन आला. त्यालाही ती फाईल दुसऱ्या कुणाकडून आली होती, त्यानेही नावं बघायलाच उघडली होती. मी विचारलं, मग तुझ्या मुलाची पत्रिका? तो म्हणाला, दादा, मुलगी बघायला अजून सुरुवात नाय, कसली पत्रिका? म्हणजे बघा, ज्या पत्रिकेत नाव शोधायला मी हा सगळा खटाटोप केला, ती पत्रिका छापलीच नव्हती.

आता स्नेहलच्या लग्नाची पत्रिका आली. कागदाची. मजकूर गुरुजींनी लिहिला, त्यांचा आग्रहच होता. ती घेऊन मी दारोदार फिरतोय, म्हणून तर तुमच्याकडे आलो. पण लोक हातात घेईनात! वांगीवाली म्हणाली, काका, यात दाबायचं काय नाय ना? सायकलवाल्याने टोकाला धरून उन्हात बघितली. गिरणीवाला म्हणाला, तिथेच ठेवा, पोरगा आला की बघू.

म्हणून गुरुजींनी शेवटी एक ओळ वाढवून पत्रिका नव्याने छापून घेतली. आमच्याकडे पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात ना, तिथेच. ही घ्या, वाचा तुम्हीच.

'टीप : वधूपिता श्री. वसंत यांच्या मोबाईलवरून आलेले काहीही उघडू नये. लग्नास मात्र अगत्य यावे.'

बघा, ठळक अक्षरांत आहे. आणि स्वतंत्र ओळीत. वर कुणाचा मेव्हणा नाही, खाली कुणाचा मेव्हणा नाही. हसा आता.